पाण्याखालचा तट

अहेरीच्या माणसाला समुद्र पाहावयाचा असेल तर त्याने खरे म्हणजे पूर्वेला जावे. आमचे सारे पाणी तिकडेच जाते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकमेकींना भेटतात आणि त्यांची प्राणहिता होते. ती अहेरीच्या अंगाने खाली उतरते, सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन पडते आणि हा सगळा पसारा आंध्रातून बंगालच्या उपसागरात रिकामा होतो. वांगेपल्लीच्या घाटावर श्रावणात पाण्यात टाकलेले सागाचे पान वाटेत कोठे अडकले नाही, तर समुद्राला पोहोचेल.

वाटेत कोठे अडकले नाही तर! या एका अटीपायी एके काळी पुष्कळ पैसा आणि पुष्कळ माणसे पाण्यात गेली आहेत. आर्थर कॉटन या इंजिनिअराने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधला. ज्या मुलुखात दुष्काळ ठाण मांडून बसला होता तेथे त्याने भाताची खाचरे पिकविली, म्हणून आंध्रात आजही त्याचे पुतळे उभे आहेत. ह्या यशानंतर त्याच्या मनाने मोठी झेप घेतली. समुद्रापासून गोदावरीने वर यावे, प्राणहितेत शिरावे, तेथून वर्धेत, आणि वऱ्हाडातला कापूस बोटीत भरून थेट समुद्रावर न्यावा, असा तो बेत होता. कापसाच्या बोटी आमच्या दारावरून जावयाच्या होत्या. १८६० साली सिरोंच्याला अपर गोदावरी नावाचा स्वतंत्र जिल्हाच झाला आणि कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कामाला आरंभ झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा तर ह्या नदीमार्गाकडे विलायतेतले व्यापारीही डोळे लावून बसले.

परंतु नदीच्या पोटात काय आहे हे नदीलाच ठाऊक. समुद्राकडून वर येताना तीन जागी खडकांचे अडसर होते. पहिला दुम्मगुडेमला, दुसरा सिरोंच्याखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत, आमच्या अहेरीजवळच्या देवलमरीपाशी. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालावयाचा, बगलेने कालवा काढावयाचा, कालव्याला दरवाजे बसवून बोटी पायरीपायरीने वर चढवावयाच्या, अशी योजना होती. दुम्मगुडेमचे काम बरेच पार पडले. तोवर १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपून कापसाचा भाव उतरला, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, आणि १८७१ मध्ये सरकारने हे काम कायमचे सोडून दिले. तीनच वर्षांनी तो जिल्हाही मोडून चांद्यात विलीन केला. देवलमरीच्या खडकांनी समुद्राला अहेरीपर्यंत येऊ दिले नाही ते नाहीच.

(अलीकडे सिरोंच्याखाली मेडीगड्ड्याला तेलंगणाने मोठा बंधारा घातला, २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. गोदावरीच्या पात्राशी घाईने बोलू नये, एवढे तरी जुन्या साहेबांना शेवटी कळले होते.)

तेव्हा समुद्र आमच्याकडे येणार नाही, आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे. मी मात्र पूर्वेला न जाता उलट्या दिशेने मालवणला गेलो. कारण माझा पुतण्या. तो नागपुरास शिकतो, आणि हल्लीच्या मुलांप्रमाणे पाठीवर एक भली मोठी पिशवी अडकवून, खिशात थोडे पैसे घेऊन, जेथे मन रमेल तेथे चार दिवस पडून राहावयाचे ह्यालाच तो प्रवास म्हणतो. आमच्या पिढीत प्रवासाला काही निमित्त लागे : लग्न, देव, बदली किंवा दवाखाना. नुसते पडून राहण्यासाठी हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावयाचे ही कल्पना मला प्रथम चैनीची वाटली. पण त्याने सांगितले, “काका, तिथे समुद्रात तोंड बुडवून खडक बघता येतात. किल्ल्याच्या पायथ्याचे.” खडक म्हटल्यावर मला देवलमरी आठवली आणि मी माझी पिशवी भरली.

बल्लारशाहून वर्धा, वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर आणि पुढे राधानगरीवरून फोंडा घाट उतरून एस.टी.ने मालवण. ही वाट लांबची खरी, पण इतिहासाच्या दृष्टीने सरळ आहे. कारण ज्या सिंधुदुर्गासाठी आम्ही निघालो होतो तो पुढे करवीरकर छत्रपतींचा झाला. घाट उतरू लागल्यावर आमच्याकडच्या सागाची सय देणारी झाडी मागे पडली, फणस आला, माड आला आणि हवा अंगाला चिकटू लागली.

मालवणात एका घरी माडीवरची खोली मिळाली. निवास आणि न्याहारी एवढाच करार. पण घरच्या वहिनींना तो करार मान्य नसावा, कारण सकाळच्या घावण्यांबरोबर दुपारच्या जेवणाची चौकशी होई आणि दुपारी सोलकढी वाढताना रात्रीच्या माशाची. बांगड्याच्या आमटीत तिरफळ असते, ते चावावयाचे नसते, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. आम्ही सहा दिवस राहिलो. सकाळी चिवल्याच्या वेळेवर चालावे, दुपारी झोप काढावी, संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव ऐकत उभे राहावे. सुरमई, पापलेट, बांगडा ह्यांच्या राशी वाळूवर मांडलेल्या असतात आणि बाया त्या भोवती अशा काही वेगाने बोली बोलतात की परक्या माणसाला भांडणच चालले आहे असे वाटावे. दोन दिवस मी घड्याळ पिशवीतच ठेवले होते. विश्रांती म्हणजे काय हे मला साठी उलटल्यावर मालवणने शिकविले, हे पुतण्याच्या समोर मी कबूल केलेले नाही.

बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. चित्रांत तो अथांग सागरात एकटा उभा असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ आहे. इतका की पहिल्या दर्शनी प्रश्न पडतो, येथे किल्ला कशाला? शत्रूने किनाऱ्यावर तोफ आणली तर? ह्या प्रश्नाचे उत्तर ओहोटीच्या वेळी मिळते. पाणी उतरू लागते तसतशी किल्ल्याच्या आसपास काळी टोके डोके वर काढतात. कोठे एक, कोठे दहा, कोठे नुसताच पांढरा फेस. तो फेस जेथे उठतो तेथे पाण्याखाली खडक आहे असे समजावे. मालवणी माणूस त्याला खडप म्हणतो. किल्ल्याकडे जाणारी होडी सरळ जात नाही. तांडेल तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवितो, आणि त्याच्या चेहऱ्यावर मात्र आपण घराच्या अंगणातून चाललो आहोत असा भाव असतो.

शिवाजी महाराज १६६४ साली ह्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांची नजर ह्या कुरटे बेटावर गेली. बेटावर गोडे पाणी आहे आणि भोवती खडपे आहेत, ह्या दोन गोष्टी त्यांस कोणी तरी सांगितल्या असल्या पाहिजेत. आणि सांगणारे समुद्रावर पोट भरणारे येथलेच लोक असणार. घाटावरच्या माणसाला पाण्याखालचा खडक दिसत नाही. पुढे ह्या लोकांना इनामे मिळाल्याची परंपरा गावात सांगतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावर पूजा झाली. ती जागा मोऱ्याचा धोंडा म्हणून आजही दाखवितात. त्या खडकावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. मग तीन वर्षे काम चालले. बांधणाऱ्यांत हिरोजी इंदुलकरांचे नाव घेतात. पायाचे दगड बसविताना शिसे ओतले असे सांगतात. बेटाचा आकार वेडावाकडा, म्हणून तटही तसाच वेडावाकडा फिरला आहे. त्याने आत सुमारे ४८ एकर जमीन घेतली. दरवाजा कोठे आहे हे अगदी जवळ गेल्यावाचून कळत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन विहिरी, चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे. काही कुटुंबे अजून किल्ल्यात नांदतात आणि त्यांना हेच पाणी मिळते. शिवराजेश्वराचे देऊळ राजाराम महाराजांनी बांधविले. तेथे महाराजांची मूर्ती दाढीविना आहे, हे पाहून बाहेरून आलेली मुले आईवडिलांकडे संशयाने पाहतात.

आता त्या पाण्याखालच्या तटाकडे येतो; किल्ल्यास खरा तट तोच. त्या काळी युरोपियनांची लढाऊ जहाजे मोठी, त्यांचा तळ पाण्यात खोल उतरे. अशा जहाजाला तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात यावयाचे तर खडपांतून वाट काढली पाहिजे, आणि वाट ठाऊक नसेल तर तळ फुटला. मराठ्यांची गलबते लहान, उथळ तळाची. ती खडपांवरून, खडपांमधून मासळीसारखी जात-येत. शत्रूने पाठलाग केला की त्याला ह्या दगडी जाळ्यात आणावे आणि आपण मात्र निसटावे. म्हणजे चुन्याचा तट दिसण्यासाठी आणि खडपांचा तट काम करण्यासाठी! पायाभरणीस अडीच महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज ह्याच मालवणाहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे बरोबर होती, अशी नोंद इंग्रजांच्या कागदांत आहे. लहानांची आणि मोठ्यांची ही संख्या पाहिली म्हणजे महाराजांना समुद्राचे मर्म कोणत्या मापात कळले होते ते दिसते.

येथून उत्तरेला विजयदुर्ग आहे. तेथे तर पाण्याखाली प्रत्यक्ष बांधलेली भिंत आहे. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी ती उतरून पाहिली. शंभर मीटरांहून अधिक लांब आहे. तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत, अशी आख्यायिका तेथील लोक सांगतात. आख्यायिकेतले जहाज कोणते ह्याच्या वादात मी शिरत नाही. मात्र जेथे निसर्गाने खडप दिले नव्हते तेथे माणसाने ते बांधावे, ह्यावरून खडपाची किंमत कळते.

अर्थात नुसत्या दगडांनी राज्य राखता येत नाही. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले. ते नाव टिकले नाही. थोड्याच काळात किल्ला करवीरकरांकडे परत आला. पण १८१२ च्या करवीरच्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. खडपे तीच होती, समुद्रही तोच होता. आत भांडणे होती. त्यानंतर दीडशे वर्षे ह्या किनाऱ्याने बोटी, खारे मासे, आंबे, नारळ आणि मुंबईला जाणारी माणसे एवढेच पाहिले. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यांत हा आहे. शेजारीच राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये महाराजांचा मोठा पुतळा उभारला होता. तो नऊ महिनेही उभा राहिला नाही. २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुढे नवा उभारला गेला. समोर तीनशे साठ वर्षांचा तट लाटा झेलीत उभा असताना हे घडावे, याला काय म्हणावे!

तिसऱ्या दिवशी पुतण्याने मला पाण्यात उतरविले. त्या आधी नळीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा अहेरीशी माझ्या दृष्टीने फार जवळचा संबंध आहे.

पाण्यात तोंड बुडवून, नळीचे एक टोक तोंडात आणि दुसरे हवेत ठेवून श्वास घ्यावयाचा ही युक्ती जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना म्हटले आहे की, पाणबुडे लोक श्वासासाठी जसे साधन वापरतात तशी हत्तीची सोंड आहे. आमच्या तालुक्यात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. लाकूड ओढण्यासाठी ठेवलेले त्यांचे पूर्वज गेले, आता हे पाहुण्यांना पाहण्यासाठी आहेत. तळ्यात स्नान करताना ते पार बुडतात आणि सोंडेचे टोक तेवढे पाण्यावर राहते. अहेरीच्या पोराला ॲरिस्टॉटल समजावून सांगण्याची गरज नाही. ‘स्नॉर्केल’ हा शब्द जर्मनांचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पाणबुड्यांना हवा घेण्यासाठी जी नळी बसविली तिला खलाशांनी हे नाव दिले. बोलीभाषेत त्याचा अर्थ नाक किंवा मुस्कट असा होतो. म्हणजे दोन हजार वर्षांनी पुन्हा नाकावरच आलो. रबरी पंखांचे पेटंट १९३३ साली एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने घेतले, १९४३ साली कुस्तो आणि गान्यां ह्या दोघांनी पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरण्याचे यंत्र केले. लढाई संपली आणि लढाईची ही उपकरणे सुटीवरच्या माणसांची खेळणी झाली. मालवणची खडपेही ह्याच वाटेने गेली आहेत.

होडी किल्ल्याच्या जवळ, पण वाटेच्या बाजूला, थांबली. तांडेलाने मला काचेचा चष्मा आणि नळी दिली, अंगात तरंगण्याचे जाकीट चढविले आणि हातात टायरासारखे कडे. पुतण्या केव्हाच पाण्यात गेला होता. “काका, काय करून राहिले तुम्ही? या ना!” असे तो ओरडत होता. तांडेल म्हणाला, “काकानू, घाबरा नको, मी आसंय. तोंड पाण्यात घाला आणि तोंडान श्वास घेवा.”

तोंडाने श्वास घेणे सोपे, नाकाला विसरणे कठीण. दोनदा खारे पाणी प्यालो. तिसऱ्या वेळी श्वास स्थिर झाला आणि खाली पाहिले.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना कसे सांगावे? वरून जो काळा, नांगरासारखा धारदार दगड दिसतो तो खाली हिरवा, जांभळा, तपकिरी असतो. त्यावर प्रवाळांचे गोळे बसलेले असतात, आणि त्यांच्यातून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे लहान मासे इतक्या निर्धास्तपणे फिरतात की आपणच त्यांच्या घरात बोलावण्याशिवाय शिरलो आहोत हे लक्षात येते. पाणी काही आरशासारखे नव्हते. मालवणचे पाणी दिवाळीनंतर हळूहळू निवळते, आणि त्यातही भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, तळ नीट दिसतो. उधाणाला गाळ ढवळून निघतो. पावसाळ्यात तर सारे बंदच. तरीही जे दिसले ते पुरेसे होते. एका कपारीत एक मोठा मासा स्थिर उभा होता, फक्त कल्ले हलत होते. मला सिरोंच्याकडच्या कोटा गावच्या दगडांतले मासे आठवले. डायनोसॉरांच्या काळातल्या तळ्यातले ते मासे, खवल्यांसकट दगड झालेले. आमच्याकडे मासा दगडात आहे, येथे दगडाच्या आडोशाला. त्या माशाला वाटले असेल की ही जागा सुरक्षित आहे. १६६४ साली महाराजांनाही तेच वाटले होते.

वर आलो तो तांडेल पाण्यात पावाचे तुकडे टाकीत होता. तुकडा पडला की मासे झुंबड करीत, आणि शेजारच्या होडीतली मंडळी टाळ्या वाजवीत. मी त्याला विचारले की हे बरे का? तो हसला. “जाळा टाकल्यार गुन्हो, ब्रेड टाकल्यार टुरिझम,” तो म्हणाला.

ह्या वाक्यात चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. त्यात सुमारे ३ चौरस किलोमीटरांचा गाभा, आणि त्या गाभ्यात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालची बुडती खडपे. हेतू उत्तम होता. प्रवाळ वर्षाला केसाएवढे वाढते आणि नांगराच्या एका टोल्याने मोडते. पाणी तापले की पांढरे पडते. ते राखले पाहिजे ह्यात वाद नाही. पण हेच पाणी गाबित लोकांचे शेत. रापण ओढून जगणाऱ्यांना असे वाटले की आमच्या शेताला आम्हांला न विचारता कुंपण घातले. विरोध झाला, सभा झाल्या, मोर्चे झाले. अभयारण्य कागदावर राहिले, मासेमारीही चालू राहिली, आणि दोघांच्या मधून तिसराच एक पाहुणा आत आला : नळी तोंडात धरलेला माझ्यासारखा माणूस.

मी अहेरीचा असल्यामुळे हे प्रकरण मला परके वाटले नाही. आमच्याकडे जंगलाच्या बाबतीत हेच झाले. आलापल्लीच्या सागवनाला इंग्रजांनी राखीव केले, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणारा माडिया आणि गोंड आपल्याच रानात चोर ठरला. पण आमच्या जिल्ह्यात एक गोष्ट घडली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ह्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणारे ते देशातले पहिल्या गावांपैकी एक. आता तेथला बांबू गाव तोडते, गाव विकते आणि किती तोडावयाचा हेही गावच ठरविते. जंगल त्यामुळे ओसाड पडले नाही. दर्यावर्दी लोकांच्या दर्यावरच्या हक्कासाठी असा कायदा देशात झालेला नाही. ज्यांच्या पूर्वजांनी महाराजांना खडपे दाखविली त्यांचे नाव त्या खडपांवर कोणत्याच कागदात नाही. माझ्या मते मालवणच्या अभयारण्याची खरी उणीव हीच आहे. पहारेकऱ्याला बाहेर ठेवून तट राखता येत नाही.

तांडेल तरुण होता, तिशीचा. त्याचे वडील रापणीचे. रापण म्हणजे शेकडो मीटर लांबीचे जाळे. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन तुकड्यांनी ओढावयाचे. मिळालेली मासळी वाट्यांनी वाटली जाते. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या बोटी आल्या आणि किनाऱ्याला येणारी मासळी बाहेरच घेरली जाऊ लागली. २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तंटे चालूच आहेत. मुलगा तारकर्लीला पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण घेऊन आला. तेथे पर्यटन महामंडळाची त्यासाठी संस्था आहे. आता तो वडिलांपेक्षा अधिक मिळवितो, पण वर्षातून तीन-चार महिने पाऊस, तेव्हा हात रिकामे. वडील त्याच्या धंद्याला धंदा म्हणावयास तयार नाहीत. “खडपार मासो बघूचे पैशे कोण देता?” असे ते विचारतात. देणारा मी समोर बसलो होतो, म्हणून मी गप्प राहिलो.

गप्पांत त्या बोटीचा विषय निघाला. नौदलाची गुलदार नावाची युद्धनौका, १९८५ साली दाखल झालेली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. निवतीजवळच्या समुद्रात ती मुद्दाम बुडवावयाची, तिच्यावर प्रवाळ बसू द्यावयाचे आणि पाहुण्यांना ती दाखवावयाची, असा बेत शासनाने हाती घेतला आहे. तीनशे वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावर खडपे युद्धनौका बुडवीत. आता युद्धनौका बुडवून खडप करावयाचे. मी हे तांडेलाला सांगितले. त्याला त्यात काही नवल वाटले नाही. त्याला एवढेच जाणून घ्यावयाचे होते की तिकडे होड्या नेण्याचा परवाना कोणाला मिळणार, आणि गावाला काही विचारणार की नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. पुतण्याने पाठीवरची पिशवी वाळूत टाकली आणि दोराला हात घातला. मीही शेवटी उभा राहिलो. अर्धा तास ओढल्यावर जाळे आले. त्यात जेवढी होती त्यापेक्षा अधिक मासळीची सर्वांना अपेक्षा होती हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळले. तरी तांडेलाच्या वडिलांनी राशीतून चार बांगडे उचलले आणि आमच्या हातावर ठेवले. मी पैसे काढू लागलो, तर ते म्हणाले, “दोर ओढलास मां? मगे तुझो वाटो.” वहिनींनी ते तळून, केळीच्या पानात बांधून दिले. फोंडा घाट चढताना एस.टी.त आम्ही ते खाल्ले.